संघात नसलेला सामनावीर

लिऑन खटला हरला हे मला सिल्व्हियाकडून कळलं. एप्रिलमधला गुरुवार होता. माझ्या बायकोला, नोरीनला, पुरून पाच आठवडे झाले होते. रविवारच्या रग्बी सामन्याचा संघ गुरुवारी सहा वाजता बेक लेन मैदानाच्या तिकीटखिडकीच्या काचेवर आतून चिकटवतात, तो वाचायला मी गेलो होतो. सिल्व्हिया मैदानावरची चहाची टपरी चालवते. हात पुसत ती बाहेर आली आणि म्हणाली, "विल्फ, राजा, यादी नंतर वाच. पोरगं हरलं."

"कितीने?" मी विचारलं. गेल्या रविवारी आमचा सामना नव्हता, तरी माझ्या तोंडून तेच निघालं.

"एकवीस हजार सहाशे पौंड," ती म्हणाली. "समोरच्या वकिलांचा खर्च. सगळा त्यानेच भरायचा."

मग मी काचेवरची यादी वाचली. नऊ नंबरसमोर लिऑनचं नाव नव्हतं. राखीव चौघांतही नव्हतं.

घरी जाऊन मी दोन कागद काढले. नोरीन आणि मी दर गुरुवारी यादी लागायच्या आधी आपापल्या मनातला संघ वेगवेगळा लिहायचो आणि मग कागद बदलायचो. काचेवरच्या यादीशी ज्याचा संघ कमी जुळेल त्याने भांडी घासायची. पंचेचाळीस वर्षं हे चाललं. ती गेल्यावरही मी दोन कागद लिहितो. तिच्या कागदावर नऊ नंबरला लिऑन हेप्वर्थ हेच नाव असतं, कारण तो अठरा वर्षांचा असल्यापासून तिने दुसरं नाव कधी लिहिलंच नाही. त्या दिवशी यादी वाचून आलो होतो, तरी माझ्याही कागदावर मी तेच लिहिलं.

भांडण कशाचं होतं ते सांगतो. लिऑन अकरा वर्षं स्केलब्रोच्या संघात नऊ नंबरला खेळतोय. आठवडाभर तो घरांना प्लास्टर करतो आणि रविवारी खेळतो. आमच्याकडे खेळलं तरच पैसे मिळतात. जिंकलं तर अडीचशे, हरलं तर ऐंशी, संघात नसलं तर काही नाही. दोन वर्षांपूर्वी हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याचा खांदा फाटला. त्याच आठवड्यात क्लबच्या हॉलमध्ये वार्षिक जेवण होतं. आमचे अध्यक्ष डेरिक स्टॅन्सफील्ड माइक घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लिऑनच्या खांद्याचा पैन् पै खर्च हा क्लब करेल." साठ माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. नोरीनने तर शिट्टी मारली.

सरकारी इस्पितळात चौदा महिने थांबावं लागणार होतं. लिऑनने कर्ज काढून खासगी इस्पितळात ऑपरेशन करून घेतलं, सहा महिने कामाला मुकला, आणि बिल क्लबकडे नेऊन दिलं. स्टॅन्सफील्ड म्हणाले, "कसलं वचन?"

म्हणून तो कोर्टात गेला. आमच्यापैकी तिघांनी साक्ष द्यायची असं ठरलं. एक जण स्टॅन्सफील्डच्या बांधकामावर नोकरीला आहे, त्याची आदल्या दिवशी कंबर धरली. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. दुसरा डगी क्रॅबट्री. डगी माझा जुना दोस्त, खाणीत तीस वर्षं काढलेला माणूस, आणि खोटं बोलायची त्याला सवय नाही, हीच अडचण झाली. समोरच्या वकिलाने विचारलं, त्या वेळी तुम्ही किती प्यायला होता? डगी म्हणाला, सहा ग्लास बिअर. त्याच भाषणात अध्यक्ष आणखी काय म्हणाले? डगीने तेही सांगितलं, की पुढच्या वर्षी आपण लंडनला वेम्ब्लीच्या मोठ्या मैदानावर फायनल खेळू. त्यावर तुमचा विश्वास बसला का? डगी म्हणाला, "साहेब, ते तर ते दर वर्षी म्हणतात."

कोर्टात हशा पिकला. निकालात न्यायाधीशबाईंनी लिहिलं, की अशा जेवणात माइकवर जे बोललं जातं ते उत्साहाचं बोलणं असतं, ऐकणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं, त्याला करार म्हणता येणार नाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

तिसरा साक्षीदार मी. मी दारू पीत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ज्या दिवशी तारीख होती त्या दिवशी नोरीनचा श्वास सकाळपासून जड होता. ती मला म्हणाली, "जा. ऐकलंस ते सांग आणि ये." मी गेलो नाही. माझा लेखी जबाब वकिलाने वाचून दाखवला, पण उलटतपासणीला माणूस हजर नाही म्हणून त्याला फारसं वजन मिळालं नाही. नोरीन त्यानंतर बारा दिवस होती. रोज एकदा तरी विचारायची, "गेला होतास ना?" मी हो म्हणायचो.

आणखी एक गोष्ट. माझ्या डोळ्यांमुळे मला गाडी चालवता येत नाही. तिच्या आजारात दर मंगळवारी इस्पितळात तिला लिऑनच न्यायचा, त्याच्या व्हॅनमधून. प्लास्टरच्या पोत्यांवर घोंगडी टाकून मी मागे बसायचो, ती पुढे. पेट्रोलचे पैसे द्यायला गेलो की तो म्हणायचा, "मिस्टर लम, खिशात ठेवा." शाळेचा बॉयलर आणि किल्ल्या मी सांभाळायचो तेव्हा तो तिथे शिकत होता, म्हणून अजून मिस्टर लम.

आता तीच व्हॅन जायची वेळ आली होती. कोर्टाने महिना तीनशेचा हप्ता लावला होता, पहिला एक जूनला. हप्ता चुकला की व्हॅन उचलणार. व्हॅन गेली की प्लास्टरचं कामही गेलं. तशीही गावातली निम्मी बांधकामं स्टॅन्सफील्डची, तिथे त्याला मज्जाव झालाच होता. उरलं ते खेळणं. आणि खेळवत नव्हते.

पुढच्या गुरुवारी आम्ही टपरीशी जमलो. काचेवर नऊ नंबरला पुन्हा टॉबी होता. मोठ्या क्लबने हंगामापुरता उसना दिलेला पोरगा, एकोणीस वर्षांचा, गोरागोमटा, पाय लांब. आमच्या खेळात नऊ नंबरचं काम असं, की पाडलेला गडी उठून टाचेने चेंडू मागे सरकवतो आणि तो उचलून पहिली फेक नऊ नंबर करतो. सामन्यात शंभर वेळा. ते काम बिघडलं की बाकीच्या बारा जणांना काही करता येत नाही.

"हा पोरगा चेंडू देतो," डगी म्हणाला, "कुत्रा असलेल्या घरात पोस्टमन पत्र टाकतो तसा. फेकला की मागे सरकला."

"पोरगा वाईट नाही," सिल्व्हिया म्हणाली. "घाबरतो बिचारा. मी त्याला मटणाच्या दोन पाई देते, मटार आणि पुदिन्याच्या चटणीसकट. एवढासा चेहरा करून खातो."

"तू त्याला दोन पाई देतेस म्हणून तो मागे सरकतो. पुढे वाकताच येत नाही."

"तुझं तोंड बंद ठेव डगी. कोर्टात उघडलंस तेवढं पुरे झालं."

डगी खाणीत तुटलेल्या बोटाने टपरीच्या फळीवरचा रंग खरवडत राहिला. मग म्हणाला, "मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"सहा ग्लासच्या जागी दोन म्हणाला असतास तर आकाश कोसळलं नसतं."

"शपथ घेतली होती मी."

"कोच काय म्हणतो?" मी विचारलं. विषय बदलायला हवा होता. त्या कोर्टाच्या गोष्टीत डगीपेक्षा माझं जास्त चुकलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"कोच म्हणतो, फॉर्म," डगी म्हणाला. "लिऑनचा फॉर्म नाही म्हणे. गेल्या वर्षी त्याने चौदा ट्राय लावले, चौदा वेळा चेंडू रेषेपार टेकवला. तो फॉर्म नसेल तर मला तो आजार हवाय."

"मग कोचला सांगतंय कोण, ते उघड आहे."

"पण मला एक कळत नाही," डगी म्हणाला. "स्टॅन्सफील्डला आपले पैसे हवेत ना? मग खेळव त्याला. खेळला तर हप्ता देईल. दुसऱ्या क्लबात जायचं म्हटलं तर सोडतही नाही. बारा हजार मागतो ट्रान्स्फरचे. तिशीला टेकलेल्या, शिवलेल्या खांद्याच्या नऊ नंबरसाठी बारा हजार कोण देणार?"

"त्याला पैसे नकोत, राजा," सिल्व्हिया म्हणाली. "त्याला लिऑन गुडघ्यावर हवाय."

मी म्हणालो, "खेळवा, नाहीतर सोडा. एवढंच मागायचं."

"कोणाला मागणार? पालथ्या घड्यावर पाणी."

घरी जाताना माझ्या डोक्यात एक आलं होतं. ते नोरीनला सांगायला मी स्वयंपाकघराचं दार उघडलं, आणि मग लक्षात आलं.

बेक लेनवर सामन्याचा चेंडू कोणी तरी पुरस्कृत करायची पद्धत आहे. दोनशे पौंड भरायचे. त्या बदल्यात आधी हॉलमध्ये दोघांचं जेवण, मैदानाच्या मधोमध चेंडू धरून फोटो, आणि सामनावीर निवडायचा हक्क. शेवटच्या दहा मिनिटांत आपण चिठ्ठी लिहायची, ती वर नॉर्मनच्या खोलीत जाते, आणि नॉर्मन माइकवरून वाचतो. नॉर्मन अठ्ठावीस वर्षं हे करतोय आणि चिठ्ठीत असेल ते वाचतो. एकदा एका नळवाल्याने चौथ्याच मिनिटाला मैदानाबाहेर काढलेल्या आपल्या मेव्हण्याचं नाव लिहिलं होतं, तेही नॉर्मनने शांतपणे वाचलं होतं.

सोमवारी मी क्लबच्या ऑफिसात जाऊन दोनशे भरले. नोरीनच्या कबरीवरच्या दगडासाठी बाजूला ठेवलेल्यातले होते. ते तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

रविवारी जेवणाच्या टेबलावर मी एकटाच होतो. समोरची खुर्ची तशीच होती, वाढपी पोरीने तिच्यापुढेही ताट मांडलं होतं. ती उचलायला आली तर मी म्हणालो, राहू दे. शेजारच्या टेबलावर स्टॅन्सफील्ड होते. उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नोरीनला बरं वाटलं असतं, विल्फ."

"वाटेल," मी म्हणालो.

सामना आम्ही चौदा गुणांनी हरलो. टॉबीने दोनदा चेंडू गुडघ्याच्या खाली दिला. सत्तराव्या मिनिटाला मी चिठ्ठी लिहून पाठवली. मग टपरीपाशी जाऊन उभा राहिलो. लिऑन तिथेच होता, साध्या कोटात, हातात चहा. खेळत नसला तरी तो प्रत्येक सामन्याला यायचा. न आल्यास दंड होता.

नॉर्मनचा आवाज आला. "आजच्या चेंडूचे पुरस्कर्ते विल्फ लम, आपल्या पत्नी नोरीन यांच्या आठवणीत." मग जरा थांबला. कागदाची घडी पुन्हा उघडल्याचा आवाज माइकमधून आला. "त्यांनी निवडलेला आजचा सामनावीर. नऊ नंबर. लिऑन हेप्वर्थ."

आधी कोणाला समजलंच नाही. मैदानावर टॉबीने मान वर केली. मग लोकांच्या रांगेतून कोणी तरी हसलं, मग दुसरं, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. आम्ही हरलेला सामना होता, लोक घरी निघाले होते, ते वळून उभे राहिले. डगी माझ्या कानाशी म्हणाला, "येड्या, स्टॅन्सफील्डला चिडवायला तू स्टॅन्सफील्डलाच दोनशे पौंड दिलेस."

"हो."

"असला शहाणपणा फक्त आपल्याच गावात होतो."

लिऑनला मात्र ते आवडलं नाही. तो मला टपरीच्या मागे घेऊन गेला. त्याचे कान लाल झाले होते.

"मिस्टर लम, तुम्ही माझं हसं केलंत."

"तुझं नाही."

"लोक कोणाला हसले? मी कोट घालून उभा आहे आणि माझं नाव सामनावीर. मला नाव नकोय. मला खेळायचंय." त्याने उरलेला चहा गवतात ओतला. "घरी पोरगी विचारते, बाबा आज का नाही. तिला काय सांगू?"

मी म्हणालो, "कोर्टात तुझी बाजू माइकवरच्या बोलण्यामुळे गेली. त्या माइकवर दुसरं काही बोलता येतं का ते बघतोय."

"त्याने माझा हप्ता भरला जाणार नाही."

"नाही. लिऑन, मला तुला एक सांगायचंय."

मग मी त्याला सांगितलं, की तारखेच्या दिवशी नोरीनने मला जा म्हटलं होतं. ती त्या दिवशी मरत नव्हती. शेजारीण तिच्यापाशी बसायला तयार होती. मी भ्यालो होतो, परत येईपर्यंत ती राहील की नाही म्हणून, आणि म्हणून तुला एकटं सोडलं. शेवटपर्यंत मी तिला खोटं सांगितलं.

त्याने रिकामा कप झटकला. मग म्हणाला, "मीसुद्धा गेलो नसतो."

"ती गेली असती."

"हो," तो म्हणाला. "त्या गेल्या असत्या." आणि जाताना, "पुढच्या वेळी निदान आम्ही जिंकलेला सामना बघून करा."

पुढच्या घरच्या सामन्याचा चेंडू डगीने गोळा केलेल्या पैशांतून घेतला. एकेक, दोन-दोन पौंड. टॉबीनेही दिले, असं सिल्व्हिया सांगते. चिठ्ठी गेली, नॉर्मनने वाचली, आणि या वेळी लोक वाटच बघत होते. नाव आलं तसा लाकडी छपराखालचा सगळा जमाव ओरडायला लागला, "खेळवा, नाहीतर सोडा." त्या दिवशी आम्ही जिंकलो होतो, तरी खेळाडू आत जाताना तेच ओरडणं होतं.

मंगळवारी स्टॅन्सफील्ड माझ्या घरी आले. मी त्यांच्या बापाला ओळखत होतो, डेरिकला चड्डीत असल्यापासून पाहिलंय. चहा केला. तो नोरीनच्या खुर्चीत बसायला गेला, मी दुसरी ओढून दिली.

"विल्फ," तो म्हणाला, "तू शोकात आहेस म्हणून मी काही बोललो नाही. पण हे थांबव. क्लबचं हसं होतंय. जो माणूस खेळलाच नाही त्याला सामनावीर म्हणणं खोटं आहे."

"डेरिक, माइकवरचं बोलणं मनावर का घेतोस? ते उत्साहाचं बोलणं असतं. ऐकणाऱ्यांना ठाऊक असतं. न्यायाधीशबाईंनी लिहून दिलंय."

त्याने कप खाली ठेवला. मग सावकाश म्हणाला, की नोरीनबद्दल कमिटीत विषय निघाला होता. एकतीस वर्षं तिने दारात उभं राहून कार्यक्रमपत्रिका विकल्या. पावसात, बर्फात. तिच्यासाठी मैदानावर एक मिनिट टाळ्या झाल्याच पाहिजेत. हंगामाच्या शेवटच्या सामन्याची वाट बघायचीही गरज नाही, येत्या घरच्या सामन्याला करू. दोन्ही संघ मधल्या वर्तुळात उभे. आणि तिच्या जागेवर पितळी पाटी. "फक्त तू हे चेंडूचं सोड."

खरं सांगतो, माझ्या तोंडात हो आलं होतं. बेक लेनवर तसं मिनिट फार थोड्यांना मिळतं. नोरीनने दुसऱ्यांच्या मिनिटांना किती टाळ्या वाजवल्या असतील. घरी आल्यावर ती म्हणायची, माझ्या वेळी पाऊस नसू दे, नाहीतर लोक हातमोजे काढणार नाहीत आणि टाळ्या ऐकू येणार नाहीत.

"आणि लिऑन?" मी विचारलं.

"लिऑनचा संबंध नाही."

"मग मिनिटाचाही नाही."

"विल्फ, नीट विचार कर. हा मान मी पुन्हा देणार नाही. मी अध्यक्ष असेपर्यंत नाही."

"तिचं मिनिट तुझ्या खिशातलं नाही, डेरिक. ते तिने दारात उभं राहून कमावलंय. तुला द्यायचं नसेल तर ठेव. पण त्याच्या बदल्यात मी काही देणार नाही. तिने मला एकदा जा म्हटलं होतं आणि मी गेलो नाही. दुसऱ्यांदा तसं करणार नाही."

तो उठला. दारात म्हणाला, "पुढचा चेंडू तुम्हाला मिळणार नाही."

"मग तूच घे. खेळव, नाहीतर सोड."

चेंडू खरंच मिळाला नाही. मेच्या शेवटच्या रविवारी ऑफिसने डगीचे पैसे परत केले आणि चेंडू क्लबनेच दिला. सामनावीर कमिटी निवडणार होती. एक जूनला तीन दिवस राहिले होते. लिऑनने पहिल्या हप्त्यासाठी शिड्या विकल्या होत्या, एवढं मला कळलं होतं. दुसऱ्यासाठी विकायला काही नव्हतं.

त्या दिवशी जे झालं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. सामन्याआधी नॉर्मन संघ वाचत होता. एक नंबरपासून. आठ नंबर वाचला आणि थांबला. माइक चालू होता, त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. नॉर्मनने आयुष्यात आपलं मत कधी सांगितलेलं नाही. क्लब कोणाचा असं विचारलं तर हवामान सांगणारा माणूस. तो थांबला आणि पुढचं वाचेना.

मग छपराखालून कोणी तरी म्हणालं, "लिऑन हेप्वर्थ." आणि मग सगळेच. आठशे-नऊशे माणसं असतील. नाव घेऊन झालं तेव्हा नॉर्मनने दहा नंबर वाचला. नऊ त्याने वाचलाच नाही. मैदानात टॉबी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता आणि हसत होता. पाहुण्या संघाचे लोकही टाळ्या वाजवत होते. लिऑन टपरीशी पाठ करून उभा होता. सिल्व्हियाने त्याच्या हातात पाई दिली. तो म्हणाला भूक नाही. ती म्हणाली, "राजा, हातात धर नुसती. हातांना काम हवं."

मी स्टॅन्सफील्डच्या जागेकडे पाहिलं. तो बसलेलाच होता. त्याच्या बायकोने तोंडावर हात धरला होता, हसत होती की काय ते मला इतक्या लांबून दिसलं नाही.

मंगळवारी लिऑनला टपालाने कागद आला. क्लबने त्याला मोकळा केला होता, ट्रान्स्फरचा एकही पैसा न घेता. एकच ओळ होती. त्याच दिवशी दुपारी नॉर्मनला सांगण्यात आलं, की आता माइकची गरज नाही, रेकॉर्ड केलेला आवाज येणार आहे. नॉर्मन म्हणाला, बरं.

लिऑनला दुसऱ्याच दिवशी ओस्थॉर्पने घेतलं. ओस्थॉर्प म्हणजे दरीपलीकडचं गाव. आमच्या आजोबांच्या काळापासून त्यांच्याशी वैर. डगीने ऐकलं तेव्हा म्हणाला, "देवा, यापेक्षा व्हॅन गेली असती तर बरं झालं असतं," आणि मग, "कितीची बस जाते तिकडे?"

आम्ही दोघे गेलो. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा मी ओस्थॉर्पच्या मैदानावर त्यांच्या लोकांत उभा राहिलो. डगीने त्यांच्या लाल रंगाचा मफलर घ्यायला नकार दिला आणि आपला हिरवाही घातला नाही, नुसता गळा उघडा ठेवून गार वाऱ्यात खोकत राहिला. लिऑन छप्पन्न मिनिटं खेळला. पहिलाच चेंडू त्याने उचलला, कोणाला दिलाच नाही, स्वतः पळाला, पंचवीस यार्ड. शेजारच्या म्हाताऱ्याने मला विचारलं, "हा कोण रे नवा?" मी म्हणालो, "हा स्केलब्रोचा नऊ नंबर."

ते जिंकले. अडीचशे पौंड. सामन्यानंतर लिऑन आमच्याकडे आला, नाकाला कापूस लावलेला. म्हणाला, "मिस्टर लम, मी इथल्या लोकांशी बोललो. ते नोरीनसाठी इथे मिनिट ठेवायला तयार आहेत."

"ओस्थॉर्पमध्ये?" मी म्हणालो. "ती उठून बसेल."

तो हसला. मग व्हॅनमधून आम्हाला घरी सोडलं. मी पुढे बसलो, डगी मागे पोत्यांवर.

आता सप्टेंबर आहे. हप्ते चालू आहेत, व्हॅन आहे, अजून वीस हजारांवर बाकी आहे. दर गुरुवारी मी दोन कागद लिहितो. तिच्या कागदावर नऊ नंबरला लिऑन असतो, काचेवर कोणीही असो, त्यामुळे हरणं तिच्याच वाट्याला येतं आणि भांडी मी घासतो. दगडाचे पैसे पुन्हा साठवतोय, पण दगड अजून बसलेला नाही. आणि बेक लेनवर नोरीनसाठी एक मिनिट टाळ्या व्हायच्या होत्या, त्या अजून झालेल्या नाहीत.